करीमाचाचीची सही

आमच्या वॉर्डाला सीझन असतो, हे माझ्या लक्षात यायला तीन वर्षं लागली. आमच्या डॉक्टरांच्या लक्षात तोवरही आलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे पुस्तक होतं.

सरकारी रुग्णालयातला दहा खाटांचा मनोविकार वॉर्ड. खाडीच्या या अंगाला आम्ही, त्या अंगाला श्रीवर्धन तालुका. दिघीहून आगरदांड्याला येणारी फेरीबोट आमचे निम्मे पेशंट घेऊन यायची. मी तिथे समाजसेवा अधीक्षक होते. पदाचं नाव भारदस्त आहे. काम एवढंच की पेशंटला कुणी आणलं, का आणलं आणि बरा झाल्यावर तो जाणार कुठे, ते शोधायचं. डॉक्टर पेशंटचं डोकं बघायचे, मी त्याचं घर बघायचे. डोक्यापेक्षा घरातच जास्त गोंधळ असतो, हे माझं नोकरीभरचं संशोधन. ते अजून कुणी छापलेलं नाही.

तर सीझन. डिसेंबरची वीस तारीख उलटली की फोन सुरू व्हायचे.

"मॅडम, एक खाट मिळंल का? चोवीस ते एक."

"एक म्हणजे?"

"एक जानेवारी. दोन तारखेला सकाळीच नेतो ना."

एकाने तर मला सोडण्याची वेळ विचारताना सरळ 'चेक-आउट' असा शब्द वापरला. ख्रिसमसला वॉर्ड भरून जायचा आणि तीन जानेवारीला रिकामा. सव्वीस जानेवारी शनिवार-रविवारला खेटून आली की पुन्हा भरती. मे महिन्यात तर व्हरांड्यात गाद्या टाकाव्या लागत. डॉक्टरांचं म्हणणं, उन्हाळ्यात मॅनिया उसळतो, तसं पुस्तकातच दिलंय. मी त्यांच्या टेबलावर ॲडमिशनच्या तारखा आणि भिंतीवरचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवलं. लाल तारखा आणि आमच्या भरत्या अगदी सख्ख्या बहिणींसारख्या जुळत होत्या. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुस्तकात लाँग वीकेंड नव्हता.

कारण साधं आहे. आमच्या किनाऱ्यावर आता दर दुसऱ्या घराला होमस्टेची पाटी आहे, आणि पाटीवर हमखास लिहिलेलं असतं: घरगुती जेवण, घरगुती वातावरण. हे घरगुती वातावरण तयार करायचं तर आधी घरातलं एखादं माणूस हलवावं लागतं. खोकणारा म्हातारा मागच्या पडवीत जातो. स्वतःशी बोलणारं माणूस असेल तर ते बोटीत बसून आमच्याकडे येतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं, "ताई, वेड्यांच्या गमती लिहा, हलकंफुलकं." त्यांची निराशा होणार आहे. पेशंटांच्या गमती फार नाहीत. शहाण्यांच्या मात्र पोतंभर आहेत.

एका मुलाने आपल्या सत्तरीच्या बापाला आणलं होतं. तक्रार, म्हातारा हिंसक झालाय, पाहुण्यांवर धावून जातो. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला फार राग येतो का?" म्हातारा म्हणाला, "डाक्तर, तुमच्या देवघरासमोर कुनी ओल्या चड्ड्या वाळत घातल्या तर तुमाला काय येतं?" त्याच्या सुपारीच्या वाडीत पाहुण्यांनी दोरी बांधली होती, आणि दोरीच्या खालीच त्याचा वाडीचा देव होता. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, मनोविकार नाही. मुलाने विचारलं, तरीपण दोन तारखेपर्यंत ठेवता येईल का.

आता दोन शब्द कायद्याचे. कंटाळा आला तर पान उलटा. पण पान उलटणाऱ्यांचीच पुढे पंचाईत होते. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध मनोविकार वॉर्डात ठेवायचं तर "तो वेडा आहे" एवढं म्हणून भागत नाही. आजार इतका तीव्र हवा की मदत देऊनही त्याला स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेता येत नाही. शिवाय त्याने अलीकडे स्वतःला इजा करायचा प्रयत्न केलेला हवा, नाहीतर दुसऱ्याला, नाहीतर स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलेलं हवं की जिवावर बेतेल. दोघांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. तीस दिवसांची मुदत. वरच्या मंडळाला कळवायचं, बाई असेल तर तीन दिवसांत. आणि अर्ज करायचा तो पेशंटच्या प्रतिनिधीने. कायद्यात त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. हे एका दमात म्हणता येणाऱ्या पेशंटला मी मनातल्या मनात डिस्चार्ज द्यायचे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. आमच्या घरात देव्हारा नव्हता, त्या फळीवर घटनेची प्रत असायची. त्यामुळे हा नवा कायदा आला तेव्हा आमच्या रुग्णालयात तो पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचणारी मी एकटी निघाले. बाकीच्यांनी सारांश व्हॉट्सॲपवर वाचला. सारांश असा होता की आता लिखापढी वाढणार.

कायदा म्हणतो, दोघांनी वेगवेगळं तपासा. आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ एकच. दुसरे म्हणून जे हाताशी असतील ते, म्हणजे बहुतेक वेळा डोळ्यांचे डॉक्टर. ते मोतीबिंदूच्या दोन पेशंटांच्या मधल्या वेळात यायचे, पहिल्या डॉक्टरांचं मत वाचायचे आणि खाली लिहायचे, "वरीलप्रमाणे." पेशंट कुठल्या खाटेवर आहे हे त्यांनी विचारल्याचं मला आठवत नाही. आणि नुसतं त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण वरचं मत लिहिलेलं पान उघडून, पेन ठेवून, तो कागद त्यांच्यापुढे सरकवणारी मीच असायचे.

या 'वरीलप्रमाणे'खालीच वत्सला आमच्याकडे यायची.

वत्सला बोर्ली पंचतनच्या पुढच्या एका गावातली, वय पंचेचाळीसच्या आसपास. लग्न होऊन गेली आणि दोन महिन्यांत कानात आवाज यायला लागले म्हणून सासरच्यांनी आणून सोडली. स्किझोफ्रेनिया. तेव्हापासून भावाच्या घरी. भाऊ दत्ताराम, आधी ट्रकवाला, आता चार खोल्यांचा होमस्टेवाला. महिन्यातून एकदा आरोग्य केंद्रात इंजेक्शन घेतलं की वत्सला ठीक असायची. अंगण झाडायची, सडा घालायची, मासे साफ करायची. मधूनमधून स्वतःशी पुटपुटायची, पण आमच्या कार्यालयातले अर्धे लोक तेवढं पुटपुटतात.

तिच्या एका भरतीच्या कागदावर 'हिंसक वर्तन' या रकान्यात लिहिलं होतं: पाहुण्यावर पाणी फेकले. मी तिला विचारलं, काय झालं होतं गं?

"मी सडा घालत व्हते," वत्सला म्हणाली. "तो मानूस अंगनात उलटा झोपून पाय वर करत व्हता. मला काय म्हाईत, अंगनात कोन योगा करतो?"

त्या पाहुण्याने इंटरनेटवर अभिप्राय टाकला होता: खोली स्वच्छ, सोलकढी उत्तम, पण एक बाई विचित्र आहे. दत्तारामने तो मला मोबाईलवर दाखवला. पाचातले दोन तारे बहिणीने खाल्ले, हे त्याचं दुःख होतं. पुढच्या मेमध्ये ती पुन्हा आली, तशीच शांत, तशीच पिशवी घेऊन, 'हिंसक' म्हणून. खाली, वरीलप्रमाणे.

त्या खेपेला माझं डोकं फिरलं. घटनेची फळी अंगात आली म्हणा. कायद्यात एक सोय आहे: माणूस ठीक असताना साध्या कागदावर लिहून ठेवू शकतो की मी आजारी पडले तर माझ्या वतीने सही कोण करणार. नातेवाईकच पाहिजे असं नाही. त्या माणसाची लेखी संमती हवी, बस. मी वत्सलापुढे कागद ठेवला आणि विचारलं, तुझा विश्वास कुणावर आहे?

"तुमी?"

"मी इथे नोकरीला आहे, मला चालणार नाही."

तिने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "करीमाचाची."

करीमाचाची म्हणजे कुंपणापलीकडची शेजारीण. नवरा बोटीवर होता तो वारला, मुलगा आखातात. सत्तरीला टेकलेली, काटक, जिभेला धार. वत्सलाला तिनेच लहानाची मोठी होताना पाहिलेलं. पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, मी बोटीने पलीकडे जाऊन तिला सगळं समजावलं. आता या 'सगळं' शब्दावर माझा स्वतःचाच विश्वास नाही. मी तिला समजावलं ते एवढंच: दत्ताराम कागद घेऊन आला की वत्सलाकडे बघायचं. ती ठीक असेल तर सही करायची नाही. कुणी कितीही दटावलं तरी नाही म्हणायचं.

"बस एवढंच?" करीमाचाची म्हणाली. "न्हाय बोलायला तर मला लई आवडतं."

तिने संमतीच्या कागदावर उर्दूत ऐसपैस सही केली. दत्ताराम कुंपणापलीकडे, आपल्या अंगणात उभा राहून बघत होता.

"मॅडम, सख्खा भाऊ मी," तो म्हणाला. "वीस वर्सं हिची औषधं मी आनली. हिच्यापायी माज्या पोरीची दोन ठिकानं मोडली. आन् सही कुनाची, तर शेजारनीची? तुमचं काय जातं, तुमी तीनच्या बोटीनं परत जानार."

मी त्याला कलम ऐकवलं. त्याचं बोलणं खरं होतं, हे मला तेव्हा ऐकू आलं नाही.

त्या डिसेंबरात मजाच झाली. दत्ताराम अर्ज घेऊन आला, मी म्हटलं, करीमाचाचीची सही आण. तो तीन वेळा तिच्या दारात गेला. तिसऱ्या वेळी पापलेटची जोडी घेऊन गेला. करीमाचाचीने पापलेट ठेवून घेतलं, कालवण केलं, निम्मं कुंपणावरून वत्सलाला दिलं आणि दत्तारामला सांगितलं, "मासा ताजा हाय. सही न्हाय." हे गावभर झालं. वत्सला त्या नाताळात आपल्याच घरी राहिली, आणि एका पाहुणीने तिच्याकडून आंबोळ्या कशा करायच्या ते शिकून घेतलं, तारे पाचच्या पाच.

मी तर हवेत होते. प्रशिक्षण वर्गांत ही गोष्ट सांगायचे, लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. पापलेटच्या प्रसंगापाशी मी थोडं थांबायचे. किनाऱ्यावरच्या इतर घरांतही मी असे कागद करून घेतले. सीझन ओसरला. डॉक्टर म्हणाले, यंदा उन्हाळा सौम्य दिसतोय.

मार्चमध्ये दत्तारामचा फोन आला.

"मॅडम, वत्सी बरी न्हाय. आता खरंच बरी न्हाय. करीमा सही देत न्हाय."

त्या आठवड्यात शनिवारला जोडून सुट्टी होती. मी कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाले, "दत्ताराम, बुकिंग फुल झालं वाटतं?" आणि फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या सिस्टर हसल्या. मलाही वाटलं, काय फर्मास बोलले.

चार दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. या वेळी तो काही बोलेचना. मागून कुणीतरी फोन घेतला. ते तिथल्या पोलीस ठाण्याचे हवालदार होते. "मॅडम, यांची बहीण काल भर दुपारी समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी होती. कोळणींनी बाहेर काढली. तुमचा कायदाच सांगतो, जिवाला धोका असला तर आम्ही आणून दाखल करायची. जीप काढू का?"

त्यांचं बरोबर होतं. कायद्यात ती वाट आहे. पण वत्सलाला जीपमध्ये घातलेलं मी एकदा पाहिलं होतं, पूर्वी, दोन्ही हात ओढणीने बांधून. पुढचे सहा महिने ती खाकी कपड्यातल्या पोस्टमनलाही घाबरायची. मी हवालदारांना म्हटलं, मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या, तोवर कोळीवाड्यातल्या बायकांना लक्ष ठेवायला सांगा. हवालदार भले होते, त्यांनी स्वतःच पहारा ठेवला, साध्या कपड्यांत.

सकाळच्या पहिल्या बोटीने मी पलीकडे गेले आणि आधी करीमाचाचीच्या ओट्यावर बसले.

"तुमी पन त्यांच्याच बाजूला गेला?" तिने विचारलं. "तुमीच सांगून गेला ना, न्हाय बोलायचं म्हनून?"

"ती ठीक असेल तर, असं सांगितलं होतं."

"मग ठीकच हाय ती. पान्यात गेली, तर गरमी हाय. सगलेच जातात." मग तिने आपला हुकमी पत्ता टाकला. "सकाळ-संध्याकाळ माज्या हातची भाकरी घेते ती. घरात कुनाच्या हातचं घेत न्हाय, माज्या हातचं घेते. खानारं मानूस आजारी कसं असंल?"

"तिचं इंजेक्शन कधी झालं?"

"ते दत्ता नेतो ना."

दत्ताराम कुंपणाशी उभा होता. तो म्हणाला, "मी का नेऊ? मॅडमनी सगलं करीमाच्या हातात दिलं ना? मला वाटलं आता तीच नेनार."

नोव्हेंबरपासून वत्सलाला इंजेक्शन मिळालं नव्हतं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं झालं होतं. आणि पाहुण्याला दोन घरांच्या मधे बसवलं होतं मी. प्रतिनिधीने सही सोडून आणखी काय बघायचं, हे मी करीमाचाचीला सांगितलंच नव्हतं. मला पापलेटच्या गोष्टीतच फार रस होता.

आम्ही तिघं वत्सलाच्या खोलीत गेलो. होमस्टेच्या मागे गॅसचे सिलिंडर आणि पाहुण्यांच्या जादा गाद्या ठेवायची पडवी, त्यात तिची खाट. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. केसांच्या जटा झाल्या होत्या, ओठ फुटले होते. मी हाक मारली तर वळली नाही. मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत सरकली होती.

"बघा, बसलीय ना गप," करीमाचाची म्हणाली. पण आवाजातला जोर कमी झाला होता.

मुंग्यांची एक जाड रांग भिंतीवरून गाद्यांच्या चळतीत जात होती. करीमाचाची बाई घर स्वच्छ ठेवणारी. मुंग्या बघून तिला राहवलं नाही. तिने वरची गादी उचलली. खाली भाकऱ्या होत्या. दुसरी गादी उचलली, तिथेही भाकऱ्या. तांदळाच्या, एकेक नीट चौघडी घातलेली, काही ताज्या, काही वाळून पापड झालेल्या, काहींवर हिरवी बुरशी. किती दिवसांच्या होत्या ते करीमाचाचीला विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिने त्या सगळ्या आपल्या ओढणीत गोळा केल्या आणि खाली बसली.

"वत्सल, का गं?" ती म्हणाली. "का न्हाय खाल्ली?"

वत्सला पहिल्यांदा बोलली, भिंतीकडे बघतच. "तो म्हनतो, खाल्लीस तर दादा मरंल."

'तो' म्हणजे कानातला आवाज. दादा म्हणजे दत्ताराम. दत्ताराम दारातच होता. तो खोलीच्या बाहेर गेला, आणि चार खोल्यांच्या त्या होमस्टेचा मालक विहिरीच्या कठड्याशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. त्याच्या बुकिंगवर मी केलेला विनोद मला त्या क्षणी आठवला. मला स्वतःची इतकी लाज नोकरीत कधी वाटली नव्हती.

करीमाचाचीने सही केली. मागच्या वेळची ऐसपैस सही या वेळी कागदाच्या कोपऱ्यात मावली. वत्सलाने मात्र साफ नाही म्हटलं. तिने आम्हा तिघांना शिव्या दिल्या, खाटेचा पाय धरून ठेवला. इच्छेविरुद्ध हा शब्द मी कागदावर शेकडो वेळा लिहिला असेल. तो खाटेचा पाय सोडवताना बोटं कशी एकेक करून उघडावी लागतात, ते त्या दिवशी कळलं. बोटं करीमाचाचीने उघडली, मी नाही. मग दत्तारामच्या गाडीतून दिघी, आणि बोटीने आगरदांडा.

वॉर्डात आमच्या डॉक्टरांनी तपासलं. मग मी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं आणि या वेळी पहिलं मत टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. ते म्हणाले, "वरचं कुठे आहे?" मी म्हटलं, "वरचं नाही. पेशंट आहे, तीन नंबरच्या खाटेवर." ते कुरकुरत गेले आणि वीस मिनिटांनी आले. खुर्चीवर बसून त्यांनी स्वतःच्या हाताने आठ ओळी लिहिल्या. "ही पाणीसुद्धा पीत नाहीये हो," ते मला म्हणाले, जणू मीच तिला पिऊ देत नव्हते. त्यानंतर त्यांनी 'वरीलप्रमाणे' कधी लिहिलं नाही. मोतीबिंदूवाल्यांची रांग मात्र लांबली, आणि त्याबद्दल माझ्या नावाने एक तक्रार अर्ज आला.

सलाईन, औषधं, इंजेक्शन. करीमाचाची गावी परत गेली नाही. खाटेखाली चटई टाकून राहिली. जेवण वत्सलाच्या ताटात वाढलं की आधी दत्तारामला फोन लावायची आणि फोन वत्सलाच्या कानाला धरायची. दत्ताराम पलीकडून सांगायचा, "मी जिता हाय गं, वत्से. जेव तू." दिवसातून दोनदा. एकदा तो फोनवर असताना त्याच्या मागे कुणी पाहुणा गरम पाणी मागत होता; दत्तारामने त्याला झापलेलं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ही उपचारपद्धती कुठल्याही पुस्तकात नाही. दहाव्या दिवशी वत्सलाने फोन न लावता घास घेतला.

पंचविसाव्या दिवशी ती घरी जाण्याजोगी झाली. केस कापावे लागले होते, त्यावर तेल लावून बसली होती, हातात चहाचा कप. मी दोन कागद घेऊन गेले. एक डिस्चार्जचा. दुसरा प्रतिनिधी बदलण्याचा. कारण तिला तो हक्क आहे, आणि कारण खरं सांगायचं तर मला वाटत होतं की हे लोढणं आता दत्तारामच्याच गळ्यात परत घालावं आणि आपण मोकळं व्हावं. कायदा मोडायचा नाही, फक्त आपली चूक त्यातून अलगद बाहेर काढायची, ही सरकारी नोकरीत शिकलेली कला.

"वत्सला, आता सही कुणाची ठेवायची?" मी विचारलं. "दादाची करू या का?"

"करीमाचीच ऱ्हाऊ दे."

"पण तिने उशीर केला गं. तू केवढी आजारी पडलीस."

वत्सलाने कप खाली ठेवला. आजारपणात आणि एरवीही ती माणसाच्या डोळ्यांत बघत नसे. त्या दिवशी बघितलं.

"तिनं उशीर न्हाय केला, मॅडम. तिला म्हाईतच नव्हतं. सही कुनाची, ते तुमी मला विचारलं. कधी करायची, ते विचारलं का?"

तो तिसरा कागद कायद्यात पहिल्यापासून होता. शुद्धीत असताना आपल्या आजारपणाबद्दल आधीच लिहून ठेवायचं, मला कसे उपचार हवेत, कसे नकोत. डॉक्टरचा शेरा, साक्षीदार, मंडळाकडे नोंद, अशी कटकट असते म्हणून मी तो कधी कुणाकडून करून घेतला नव्हता. सगळा कायदा वाचणारी मी एकटी, असं वर मोठ्या तोऱ्यात लिहिलंय ना, ते खरंच आहे. वाचलाच होता फक्त.

मी कोरा कागद घेतला. वत्सला सांगत गेली, मी लिहीत गेले. करीमाचाची चटईवर बसून ऐकत होती.

"मी केस विंचरायचं सोडलं का चार दिवस वाट बघायची. मग डाक्तरला बोलवायचं. भाकरी घेतली पन समोर बसून खाल्ली न्हाय, तर त्याच दिवशी सही करायची. मी शिव्या देईन. करीमाला पन देईन. तरी करायची. तेव्हा मला इचारू नका, मी खोटं बोलते." मग तिने भर घातली, "पोलीस नको. दादाला खोलीत येऊ द्या, पन त्याला माज्यासमोर रडू देऊ नका."

"झालं?"

"आन् बोटीत मला मधी बसवा. कडेला नको."

माझं पेन थांबलं. "का?"

"त्या दिवशी तो सारखा सांगत व्हता, उडी मार, उडी मार. सगली वाट. करीमानं हात धरला व्हता म्हनून."

मी ते लिहून घेतलं: बोटीत मध्ये बसवावे. त्या दिवशी, तिला जरा वारा लागेल, बरं वाटेल, असं म्हणून तिला कठड्याशी नेऊन बसवणारी मीच होते.